रोखलेलं टपाल

ऋजुता भाटकर रोज सकाळी चहा टाकायच्या आधी अकरा जहाजांचं टपाल बघायची. त्यासाठी तिला ऑफिसात जावं लागत नसे. रत्नागिरीला मांडवीच्या घरात स्वयंपाकाच्या ओट्यावर टॅबलेट उभा करायचा, ब्राउझर उघडायचा, अंगठा टेकवायचा, की कंपनीच्या मेल सर्व्हरचं अख्खं पटल समोर हजर. डाव्या बाजूला जहाजांची नावं. नावावर बोट ठेवलं की त्या जहाजावरच्या माणसांची खाती. खात्यावर बोट ठेवलं की त्या माणसाला आलेलं, त्याने पाठवलेलं आणि रोखलेलं टपाल. सर्व्हर स्वतः कुठे होता हे तिलाही नक्की ठाऊक नव्हतं. कोणी म्हणे चेन्नईला, कोणी म्हणे त्याचे तुकडे चार देशांत विखुरलेत. पण अटलांटिकमधल्या एखाद्या खलाशाला बायकोचं पत्र आज मिळणार की नाही, ते मांडवीतल्या ओट्यावरून ठरू शकत होतं.

एरवी ते ठरवायचं 'धीर'.

काही वर्षांपूर्वी खलाशांच्या फोनमधून शिरून परक्यांनी दोन मोठी जहाजं भर समुद्रात ताब्यात घेतली होती. तेव्हापासून विमा कंपन्यांनी जहाजांवर खासगी इंटरनेट बंदच करून टाकलं. घरच्यांशी बोलायचं तर कंपनीच्या सर्व्हरमधून, लिहून किंवा आवाज रेकॉर्ड करून. आणि सगळं टपाल एकाच दारातून जायला लागल्यावर त्या दारावर पहारा बसवायची कल्पना कोणाला तरी सुचणारच होती. तो पहारा म्हणजे 'धीर' हे सॉफ्टवेअर.

माणसाचं हृदय घड्याळासारखं ठोके देत नाही. दोन ठोक्यांमधलं अंतर सारखं थोडंथोडं बदलत असतं आणि माणूस जितका स्वस्थ, तितका हा बदल मोकळा असतो. ताण वाढला, झोप मोडली की ठोके एकसुरी होत जातात. खलाशांच्या मनगटावरच्या पट्टीतून हे ठोके आणि झोप मोजून 'धीर' प्रत्येकाचा सहनांक काढायचं, म्हणजे या घडीला हा माणूस किती पेलू शकेल त्याचा आकडा. दुसरीकडे येणाऱ्या प्रत्येक मेलचा भारांक काढायचं, आणि तो नुसते शब्द बघून नव्हे. लिहिणाऱ्याची नेहमीची ढब त्याच्या ओळखीची झालेली असे. वाक्यं आखूड झाली, बोट एखाद्या शब्दाशी थबकलं, आवाजात श्वास तोकडा पडला, की भारांक चढायचा. भारांक सहनांकाच्या वर गेला की मेल रांगेत थांबायचा. माणूस सावरला की आपोआप पोचायचा. हे सुरू झाल्यापासून कंपनीच्या जहाजांवरचे अपघात निम्म्यावर आले होते. खलाशांच्या आया ऑफिसात येऊन पेढे देऊन गेल्या होत्या.

'धीर' चुकतंय असं ऋजुताला एकदाच वाटलं. दाभोळची एक बाई तिच्या टेबलासमोर बसून रडली होती. तिचा नवरा इरफान मुकादम इंजिनरूममध्ये मोटरमन. त्याच्या धाकट्या भावाने जीव दिला होता आणि ती बातमी काही केल्या रांगेतून हलत नव्हती. ऋजुताने 'सोडा' हे बटण दाबलं. दुसऱ्या दिवशी इरफान हवा न तपासता बंद टाकीत उतरला आणि बाहेर आला तो दोराने ओढलेला, निष्प्राण. बातमीमुळेच तो गाफील राहिला का, हे चौकशीत कोणालाच सांगता आलं नाही. ऋजुताला कोणी बोल लावला नाही. कंपनीने एवढंच केलं, की कोणी हाताने मेल सोडला किंवा रोखला तर त्या मेलच्या माथ्यावर त्याचं नाव उमटेल अशी सोय केली. त्यानंतर ऋजुताने 'सोडा'वर कधी बोट ठेवलं नाही.

तिचा धाकटा भाऊ निनाद याच कंपनीच्या 'केतकी' जहाजावर सेकंड इंजिनियर होता. आणि घरात होते अण्णा, म्हणजे त्यांचे वडील रघुवीर भाटकर. जुन्या काळी तेही बोटीवर रेडिओ ऑफिसर होते. उपग्रह आले आणि बोटींवरून ते पदच गेलं, तेव्हा रत्नागिरीत परत येऊन त्यांनी टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. ऋजुता लग्न मोडल्यावर त्यांच्याकडे राहायला आली होती.

आईच्या तेराव्याला बापलेकांचं बिनसलं. पानं उचलली जात होती आणि निनाद एकाएकी म्हणाला, "आम्ही लहान होतो तेव्हा तुम्ही समुद्रावर. आई अंथरुणाला खिळली तेव्हा तुम्ही दुकानात. अण्णा, तुम्ही होतात कधी?"

अण्णा हात धुऊन येत होते. पंच्याला हात पुसत म्हणाले, "मग तूही जा समुद्रावर. आणि लिहूबिहू नकोस."

निनाद महिन्याभरात 'केतकी'वर चढला. जहाज आफ्रिकेला वळसा घालून मोरोक्कोला जाणार होतं आणि खतासाठी लागणारा फॉस्फेटचा दगड भरून त्याच वाटेने मंगळूरला परत येणार होतं. लांबचा फेरा होता.

तो गेला आणि अण्णांना धाप लागायला लागली. आधी त्यांनी उकाड्यावर ढकललं, मग वयावर. तपासण्या झाल्या तेव्हा कळलं, फुप्फुसं आतून ताठर होत चालली आहेत. डॉक्टरीणबाईंनी ऋजुताला बाजूला घेऊन सांगितलं, "मुलाला बोलवायचं असेल तर आत्ताच कळवा."

त्या संध्याकाळी अण्णांनी फोन मागून घेतला. "निनादला दोन शब्द बोलतो. तू जरा बाहेर बस."

ऋजुता ओटीवर बसली. आतून शब्द ऐकू येत नव्हते, मधले श्वास तेवढे ऐकू येत होते. थोड्या वेळाने अण्णांनी हाक मारली. "गेलं बघ. हल्ली लगेच पोचतं ना?"

"पोचतं," ती म्हणाली.

सकाळी पटलावर 'केतकी'च्या नावापुढे पिवळा ठिपका होता. रघुवीर भाटकरांकडून निनाद भाटकरला, आवाज, रोखलेला. आत काय आहे ते पटल दाखवत नसे. दिसत ते दोन आकडे, आणि त्यांत फार अंतर होतं. ऋजुताने ते पाहिलं आणि मनाशी म्हणाली, आठवड्याभरात सुटेल.

ते सुटलं नाही. अण्णांनी दुसरं पाठवलं, मग तिसरं. ऋजुताने स्वतः लिहिलेलं पत्रही पिवळं होऊन त्यांच्याखाली जाऊन बसलं. मग तिने एक लटकं, आनंदी पत्र रचलं. हापूस लवकर लागलाय, शेजारच्यांच्या मांजरीला पिल्लं झालीत, अण्णा मजेत आहेत. 'धीर'ने त्याला आजवरचा सगळ्यांत मोठा भारांक दिला. ती मजेत असल्यावर कशी लिहिते, हे ते वर्षानुवर्षं बघत आलं होतं.

निनादची पत्रं मात्र इकडे येत होती, कारण किनाऱ्यावरच्या माणसांना पट्टी नव्हती. पहिलं होतं, "ताई, अण्णांचा राग गेला नाही का अजून?" नंतरचं, "निदान तू तरी उत्तर दे." आणि मग एक नुसतंच, "बरं."

तेव्हा तिच्या लक्षात आलं काय चाललंय ते. घरून काही येत नाही म्हणून निनाद झुरत होता. झुरत होता म्हणून त्याची झोप मोडत होती. झोप मोडली म्हणून सहनांक उतरत होता आणि तो उतरला म्हणून घरून काहीच पोचत नव्हतं. 'धीर'ला निनादचा ताण दिसत होता. तो आपणच घातलाय, हे कळायची सोय त्याच्यात नव्हती.

ती ऑफिसात कॅप्टन शहनाज नाखवांकडे गेली. या बाई वीस वर्षं जहाजं चालवून आता किनाऱ्यावर बसल्या होत्या आणि 'धीर'चा सगळा कारभार त्यांच्या हाताखाली होता. त्यांनी आकडे नीट पाहिले.

"तू म्हणतेस ते बरोबर दिसतंय," त्या म्हणाल्या. "मी वर लिहिते. पण वरून उत्तर यायला वेळ लागेल."

"तोवर तिथल्या कॅप्टनला फोन करून सांगता येईल?"

"रोखलेली बातमी तोंडी सांगितली तर विमा उडतो. ते सांगणार नाहीत." त्यांनी टॅबलेट तिच्याकडे सरकवला. "तुझ्याकडे बटण आहे, ऋजुता. मी तुला अडवणार नाही, दाब असंही म्हणणार नाही. त्याच्याबरोबर तिथे आणखी वीस-बावीस माणसं आहेत, एवढं लक्षात ठेव."

ऋजुताच्या डोळ्यांपुढे दाभोळची ती बाई आली. ती टॅबलेट उचलून घरी आली.

अण्णांना आता पाठीला उशा लावून बसवावं लागत होतं. नाकाशी प्राणवायूची नळी होती. दुपारी तिने त्यांना पेज भरवली. ते म्हणाले, "उत्तर नाही आलं ना?"

"तिथे रेंज नाहीये, अण्णा."

"मला रेंज शिकवतेस?" ते हसले आणि त्यांना ढास लागली. ती ओसरल्यावर म्हणाले, "तुमच्या त्या यंत्राने अडवलंय. सांग की खरं."

तिने सगळं सांगितलं. आकडे, रांग, ते दुष्टचक्र, इरफानसुद्धा. अण्णा डोळे मिटून ऐकत होते.

"आमच्या वेळी तार यायची," ते म्हणाले. "रात्री-अपरात्री टिकटिक सुरू व्हायची, आणि कोणाचा बाप गेला, कोणाचं मूल गेलं, ते सगळ्यांत आधी मला कळायचं. त्याच्याही आधी."

"मग काय करायचात?"

"भटारखान्यात जाऊन भंडारीकडून चहा घ्यायचो दोन कप. त्याच्या केबिनीत जायचो. बसायचो. मग द्यायचो."

"आणि तो इंजिनवर असेल तर? त्याला सोसणार नाही असं वाटलं तर? कसं ठरवायचात?"

अण्णांनी डोळे उघडले. "मी कोण ठरवणार? बातमी त्याची होती. माझ्याकडे चुकून आधी आलेली." मग बराच वेळ श्वास गोळा करत राहिले. "त्यातल्या एकाने माझ्या कानफटात दिली होती. दिली तर दिली. बसलो तिथेच."

संध्याकाळी त्यांनी पुन्हा फोन मागितला आणि तिला बाहेर बसवलं. तेही रांगेत गेलं.

उद्या सोडायचं, असं ऋजुताने ठरवलं. नाव उमटलं तर उमटू दे.

सकाळी तिने पटल उघडलं आणि तिचा विश्वास बसेना. निनादच्या खात्यापुढचा आकडा चढला होता. काय झालंय म्हणून तिने 'केतकी'ची रोजची नोंद पाहिली. परतीच्या वाटेवर, आफ्रिकेच्या टोकाशी केपच्या जवळ जहाजाच्या मुख्य इंजिनाचा इंधनपंप बिघडला होता. इंजिन थांबवून पंप खोलायचं काम सुरू होतं आणि पुढे होता सेकंड इंजिनियर. हातात अवघड काम आलं आणि निनाद स्वतःला विसरला होता. ठोके मोकळे झाले होते. 'धीर'च्या मते आता हा माणूस पेलू शकत होता. अण्णांच्या नावापुढचे पिवळे ठिपके एकेक करून हिरवे होत होते. खाली ओळ आली, "थोड्याच वेळात पोचवत आहोत."

कित्येक दिवस तिने याचीच वाट पाहिली होती. पण आता तिला निनाद दिसत होता तो उघड्या इंजिनात खांद्यापर्यंत हात घातलेला, खाली लाटांनी हलणारं जहाज, आणि खिशातला फोन थरथरतोय. तिला दोराने ओढलेला इरफान दिसला. यंत्राला ठोके कळतात, उघडं इंजिन कुठे कळतंय, असं तिच्या मनात आलं. संध्याकाळपर्यंतचाच प्रश्न होता. पंप बसला की ती स्वतः सोडणार होती.

तिने सगळ्या ओळी निवडल्या आणि 'रोखा' दाबलं. पटलाने विचारलं, नक्की? तिने 'होय' म्हटलं.

दुपारनंतर अण्णांचा श्वास बदलला. ऋजुताने डॉक्टरीणबाईंना फोन केला, त्या आल्याही, पण करण्यासारखं काही राहिलं नव्हतं. अण्णांनी एकदा दाराकडे पाहिलं. कोणी आलंय का, असं विचारल्यासारखं. ऋजुताने त्यांचा हात हातात घेतला होता. चारच्या सुमाराला तो हात नुसताच हात राहिला.

रात्र व्हायच्या आत शेजारपाजारची माणसं जमली. अग्नी ऋजुतानेच दिला.

ती दोन ओळी लिहून बसली होती, "निनू, अण्णा गेले." पाठवल्या असत्या तर पुन्हा रांगेत पडल्या असत्या. आणि बटण दाबून सोडायला ती धजेना. तिने कॅप्टन नाखवांना फोन केला. "जहाज मंगळूरला लागेल तेव्हा मी स्वतः जाते. तोवर कोणी काही करू नका."

"बघ," त्या म्हणाल्या. "हेही तूच ठरवते आहेस."

ते तिला कळत होतं. तरी तिने तसंच केलं.

मंगळूरच्या धक्क्यावर खताच्या दगडाची पिवळट धूळ उडत होती. क्रेनचे जबडे जहाजाच्या पोटातून भरून वर येत होते. निनाद शिडीवरून उतरला तो कामाच्या बॉयलर सूटमध्येच. वाळला होता, दाढी वाढली होती. तिला पाहून आधी हसला.

"ताई? तू इथे कशी..." आणि मग त्याने तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं. "अण्णा?"

तिने मान हलवली.

"कधी?"

"तू केपला होतास तेव्हा."

तो दोर बांधायच्या लोखंडी खुंटावर बसला. क्रेन एक फेरा करून गेली. मग म्हणाला, "अग्नी?"

"मी दिला."

"मला कळवावंसं नाही वाटलं?"

गाडीत तिने काय काय घोकून ठेवलं होतं. ते सगळं बाजूला राहिलं. तिने पिशवीतून टॅबलेट काढला, पटल उघडलं, त्याच्या नावावर गेली आणि सगळ्या ओळी निवडून 'सोडा' दाबलं. निनादच्या खिशातला फोन थरथरला. थांबला. पुन्हा थरथरला. तो थरथरतच राहिला.

त्याने फोन काढून पाहिलं. "अण्णांचे आहेत. एवढे?" बोटाने वरखाली करत राहिला आणि मग थबकला. "हे वर काय आहे? 'हाताने रोखलं, ऋजुता भाटकर.' प्रत्येकावर आहे."

तिने सांगितलं. पहिल्या पिवळ्या ठिपक्यापासून हिरव्या ठिपक्यांपर्यंत, काही न वगळता.

"म्हणजे यंत्र सोडत होतं," निनाद म्हणाला.

"हो."

"आणि तू रोखलंस."

"तुझे हात इंजिनात होते, निनू. मला वाटलं..."

"पंप न्याहारीच्या आधीच बसला होता, ताई." त्याचा आवाज अजिबात चढला नव्हता. "सकाळभर मी मागच्या डेकवर बसून सिगरेटी ओढत होतो. आपल्याला घरी कोणी उरलं नाही असं मनात येत होतं. तेव्हा अण्णा होते?"

"होते," ती म्हणाली. "आपल्याकडच्या चारपर्यंत होते."

त्याने फोन कानाला लावला. ऋजुताला शब्द ऐकू येत नव्हते, नुसती खरखर आणि मधले श्वास, त्या दिवशी ओटीवर आले होते तसे. एक संपलं, त्याने दुसरं लावलं. चेहरा धुळीने माखला होता आणि त्यावरून पाणी वाहत होतं, ते पुसायचं त्याच्या ध्यानात नव्हतं.

"काय म्हणतात?" तिने न राहवून विचारलं.

"म्हणतात, मी बोललो ते खरं होतं. म्हणतात, एकदा तुझा आवाज पाठव, ऐकू दे." तो उठला. "पुढचे मला एकट्याला ऐकायचेत. तू जा."

"मी थांबते. संध्याकाळपर्यंत थांबते इथेच."

"नको, ताई. जा तू."

तो शिडी चढून गेला. ती बंदराच्या फाटकाशी, पास परत द्यायच्या खिडकीजवळ बसून राहिली. पाळी बदलून माणसं बाहेर पडली, त्यांत तो नव्हता.

ऋजुताच्या लेखी अर्जावर आणि नाखवांच्या शेऱ्यावर कंपनीने विचार केला. 'धीर' बंद झालं नाही. अपघात खरोखरच कमी झाले होते, आणि ते आकडे खोटे नाहीत हे ऋजुताही जाणून होती. बदल एवढाच झाला, की ज्याला नको असेल त्या खलाशाला 'धीर'मधून बाहेर पडायची मुभा मिळाली. अकरा जहाजांवरून फार थोड्यांनी ती घेतली. बहुतेकांना वाटलं, समुद्रावर असताना वाईट बातमी नकोच. निनादने पहिल्याच दिवशी घेतली आणि घरी न येता दुसऱ्या जहाजाचा करार केला.

ऋजुता त्याला दर रविवारी लिहायला लागली. आता मध्ये कोणी नव्हतं. तिचं पत्र निघायचं आणि पटलावर लगेच 'पोचलं' असं उमटायचं. त्याच्यापुढचा रकाना 'वाचलं'चा. तो प्रत्येक ओळीला कोरा होता.

कॅप्टन नाखवांनी एकदा ऑफिसात मागून येऊन ते पाहिलं. त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "'तातडीचं' म्हणून पाठव ना एक. वादळाचा इशारा पाठवतो तसं. त्याला उघडावं लागत नाही, समोरच्या पडद्यावर आपोआप उघडतं आणि वाचल्याशिवाय जात नाही. यावेळी मी म्हणते दाब. मी सही करते."

ते लाल बटण पटलाच्या कोपऱ्यात होतं. एकदा दाबलं असतं तर भर समुद्रात निनादच्या डोळ्यांसमोर तिचे शब्द उभे राहिले असते, त्याला हवे असोत वा नसोत. ऋजुताने त्या बटणाकडे बराच वेळ पाहिलं.

"नको, मॅडम," ती म्हणाली आणि तिने रोजच्यासारखं साधं पत्र उघडलं. लिहिलं, की अण्णांच्या दुकानाचं शटर गंजून बसलं होतं ते काल उघडून घेतलं. आत लोकांनी दुरुस्तीला टाकलेले आणि कधीच न्यायला न आलेले रेडिओ आहेत. त्यातला एक लागतो. खरखर आहे, पण स्टेशन धरतो. तुला हवा असेल तर ठेवून देते, नको असेल तरी ठेवते.

तिने 'पाठवा' दाबलं. ओळ उमटली, 'पोचलं'. मग तिने पटल बंद केलं आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली. नाखवा तिच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या.